फॉरमॅट मारलं, म्हणजे पुसलं का?

चेन्नईत माउंट रोडवरून चिंताद्रिपेटच्या अंगाला वळलं की रिची स्ट्रीटचा बाजार सुरू होतो. लॅमिंग्टन रोड पायाखालचा असलेल्या मुंबईकराला तिथे भाषा सोडली तर काहीच परकं वाटत नाही. केबलींची भेंडोळी, रॅमच्या पट्ट्या, सुट्टे चार्जर आणि जुन्या हार्ड डिस्क. असल्या बाजारात डिस्क विकायला नेणाऱ्याची ठाम समजूत असते की घरून फॉरमॅट मारून आणलंय, आत आता काही नाही. उलट चुकून पार्टिशन उडवून बसलेल्याला वाटतं, सगळं गेलं. पहिल्याचा बिनघोरपणा आणि दुसऱ्याची हाय, दोन्ही एकाच गैरसमजातून येतात.

डिस्कचं पार्टिशन टेबल म्हणजे सातबारा समजा. (तमिळनाडूत त्याला पट्टा-चिट्टा म्हणतील.) उताऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातला ऊस उपटला जात नाही. जुन्या एमबीआर पद्धतीत हा उतारा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये असतो आणि त्यातही फक्त ६४ बाइट्सचा. प्रत्येकी १६ बाइट्सच्या चार नोंदी, म्हणून प्राथमिक पार्टिशन्स चारच. पार्टिशन ‘डिलीट’ केलं की यातली एक नोंद जाते. क्विक फॉरमॅटमध्ये त्या पार्टिशनपुरती फायलींची यादी कोरी होते. फोटो, पासबुकाचे स्कॅन, पॅन कार्डाची प्रत जिथल्या तिथे राहतात. वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू निघालेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक सापडले, आणि एक डिस्क तर चक्क एटीएम यंत्रातली होती.

मग ‘फुल फॉरमॅट’ने काम होतं का? विंडोज एक्सपीच्या काळात होत नसे. तो नुसता खराब सेक्टर तपासायचा आणि आपण तासभर पट्टी सरकताना बघून निर्धास्त व्हायचो. व्हिस्टापासून पुढे मात्र फुल फॉरमॅट पूर्ण पार्टिशनवर शून्यं लिहितो. फिरत्या तबकडीच्या डिस्कला तेवढं पुरतं. तरीही ‘पस्तीस वेळा पुसलं पाहिजे’ असं सांगणारे भेटतात. हा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला. तो तेव्हाच्या वेगवेगळ्या जुन्या तंत्रांच्या डिस्क एकत्र धरून काढलेला होता, आणि आजच्या डिस्कना त्याची गरज नाही हे खुद्द गटमन यांनीच पुढे स्पष्ट केलं.

आता दुसरी बाजू, आणि तिचं उत्तम उदाहरण तमिळनाडूतच घडलं. २०११ पासून राज्य सरकारने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. त्यांतल्या पुष्कळांवर विंडोजच्या जोडीला ‘बॉस’ लिनक्स होतं. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात, पण बॉस घडलं त्यांच्या चेन्नई केंद्रात. मुलांना सिनेमे ठेवायला जागा हवी असे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिलं तर बिननावाचं एक पार्टिशन दिसे, आणि पुढे लिहिलेलं, १०० टक्के रिकामं! विंडोजला लिनक्सची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, म्हणून विंडोज भरलेलं घरही रिकामं दाखवते. ते डिलीट करायचं, जागा वाढली म्हणून खूश व्हायचं आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला की काळ्या पडद्यावर दोनच शब्द: ‘ग्रब रेस्क्यू’.

इथे निदान होई, ‘हार्ड डिस्क गेली’. आणि उपचार, सगळी डिस्क फॉरमॅट! वास्तविक विंडोज जागच्या जागी धडधाकट असे. कोणती सिस्टिम सुरू करायची हे विचारणारा ग्रब हा प्रोग्राम दोन ठिकाणी विभागलेला असतो. त्याचं टोक डिस्कच्या त्याच पहिल्या सेक्टरमध्ये आणि बाकीचा मोठा भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. पार्टिशन उडालं, टोक राहिलं. ते टोक नाहीशा झालेल्या फायली शोधत अडकून पडतं. विंडोज ७ च्या रिपेअर डिस्कवरून ‘बूटरेक’ची ‘फिक्सएमबीआर’ आज्ञा दिली की पहिल्या सेक्टरमधला कोड बदलतो आणि पार्टिशन टेबलला धक्का लागत नाही. आधी ही आज्ञा द्यायची आणि मग लिनक्सचं पार्टिशन काढायचं, एवढा क्रम पाळला तर काळा पडदा दिसतच नाही. (बॉस ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, हा माझा प्रश्न निराळा.)

चुकून कामाचंच पार्टिशन उडालं, तर पहिली गोष्ट म्हणजे त्या डिस्कवर काहीही लिहू नये. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा दुसऱ्या डिस्कवर उतरवावं. टेस्टडिस्क नावाचं फुकट मिळणारं साधन उडालेल्या नोंदी शोधून टेबल पुन्हा उभं करू शकतं.

काही गैरसमज झटपट निकालात निघतात. एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, त्यात दुकानदाराने काही मारलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. सी खराब झाला तरी डीवरचं सुरक्षित, हे विंडोज बिघडल्यापुरतं खरं. डिस्कच बंद पडली तर दोन्ही एकाच वेळी जातात, त्यामुळे डीवरची प्रत हा बॅकअप नव्हे. फॉरमॅटने खराब सेक्टर बरे होत नाहीत, फार तर टाळले जातात. आणि ‘लो लेव्हल फॉरमॅट’ करून देतो म्हणणारा बहुधा नुसती शून्यं लिहीत असतो. खऱ्या अर्थाने ते काम आता कारखान्यातच होतं.

पुसण्याबद्दल आणि परत मिळवण्याबद्दल वर सांगितलेलं सगळं फिरत्या तबकडीचं. एसएसडीत गणित उलटतं. विंडोज ७ पासून फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट मारलं की ‘ट्रिम’ आज्ञा एसएसडीला ते खाने मोकळे झाल्याचं कळवते, आणि ती सवडीने ते खरोखर रिकामे करते. म्हणून तिथे चुकून उडालेलं परत मिळण्याची आशा फार कमी. पण विकताना त्यावर विसंबू नये, कारण यूएसबीच्या डबीतून जोडलेल्या एसएसडीपर्यंत ट्रिम नेहमी पोचतेच असं नाही. वरून शून्यं लिहिण्याचाही पूर्ण भरवसा नाही, कारण एसएसडी काही खाने राखीव ठेवते आणि तिथवर आपला हात जात नाही. तिच्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला किंवा बायोसमधला ‘सिक्युअर इरेज’ वापरावा. डिस्क नवी असतानाच बिटलॉकर किंवा लिनक्सवर लक्स लावून ती कूटबद्ध केली असेल, तर विकायच्या दिवशी तिची किल्ली नष्ट केली की आतलं कुणालाच वाचता येत नाही.