पाचाला जागाच नाही!

दुपारची भांडी आवरली की वर्तमानपत्रातलं सुडोकू घेऊन बसायचं, हा माझा नेम. हर्णे बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव सुरू व्हायच्या आत ते सुटलंच पाहिजे, अशी माझी माझ्याशीच पैज! सुडोकू आवडतं, कारण त्यात गणित नाही. आकड्यांऐवजी नऊ भाज्या मांडल्या तरी कोडं तेच. गणित म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. शाळेत गुरुजी भर वर्गात म्हणाले होते, "हिचं डोकं चुलीपाशीच चालायचं." ते जे मनात रुतलं, ते रुतलंच.

परवा पुण्याहून भाची आली आणि तिने एक छापील कागद पुढे ठेवला. घरं तीच ८१, पण आकडा एकही नाही! नुसत्या वळणं घेत गेलेल्या करड्या आणि हिरव्या रेषा.

"आत्या, करडी रेष म्हणजे थर्मामीटर. गोल फुग्यापासून टोकाकडे आकडे चढत जायचे. हिरवीवर शेजारच्या दोन आकड्यांत निदान पाचाचा फरक हवा." या हिरवीला म्हणे 'जर्मन व्हिस्पर' म्हणतात.

"म्हणजे वजाबाकी आली. मला नाही बाई जमायचं!" मी कागद बाजूला सारला.

रात्री मात्र झोप येईना. उठले, पेन्सिल घेतली. एकाच्या शेजारी सहा ते नऊ चालतील. चाराला फक्त नऊ. आणि पाचाला? पाचात पाच मिळवले तर दहा, वजा केले तर शून्य. सुडोकूत दोन्ही नाहीत! म्हणजे हिरव्या रेषेवर पाच कधीच येणार नाही. मग बाकीचे कसे? एक लहान, एक मोठा, पुन्हा लहान, पुन्हा मोठा... आमच्या ओहोटी-भरतीसारखे. "पाचाला जागाच नाही!" मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की हे दचकून उठले.

सकाळी भाची म्हणाली, "आत्या, यालाच सिद्धता म्हणतात." आता बोला!

१९७९ साली एका अमेरिकन मासिकात आलेलं हे कोडं १९८४ मध्ये जपानला पोचलं, तिथे त्याला 'सुडोकू' नाव मिळालं. २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने छापल्यावर ते जगभर पसरलं. पहिली जागतिक स्पर्धा २००६ मध्ये इटलीत झाली, ती जिंकली याना तिलोवा या चेक बाईंनी. हिशेबनीस होत्या त्या! हे ऐकून मला कोण आनंद झाला.

माझं कोडं अजून पुरं सुटलेलं नाही. पण काल आणखी एक सापडलं. हिरव्या रेषेच्या मध्येच चार आला, तर दोन्ही बाजूंना नऊच लागणार. ती दोन्ही घरं एकाच ओळीतली असली तर दोन नऊ कसे चालतील? म्हणजे तिथे चारही नाही. आता अशा जागी सहाचं काय होईल, ते तुम्हीच बघा बरं.