घरातला ‘तऱ्हेवाईक’ माणूस आणि आईची आठवण

आज पिकाविषयी नाही, घरातल्या माणसाविषयी बोलायचे आहे.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात असा एखादा गडी भेटतो. वय पस्तीस-चाळीस. कामाला चोख. लावणीची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ. पण शेजारी कोणी बोलू लागले की नजर दुसरीकडे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडावर सांगेल, पण पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हणणे त्याला जमत नाही. रोजची वाट, रोजची वेळ बदलली की बिथरतो. गणपतीत ढोल-फटाके सुरू झाले की कान दाबून वाडीत जाऊन बसतो. थट्टा कळत नाही. गाव त्याला ‘तऱ्हेवाईक’ म्हणते, ‘अर्धवट’ म्हणते. नातेवाईक सांगतात, ‘लग्न करून द्या, सुधारेल.’

बंधूंनो, ही स्वमग्नता असू शकते. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात. यात मेंदूची घडणच लहानपणापासून वेगळी असते. ही बाहेरची बाधा नव्हे, आईबापांनी लावलेल्या वळणाचा दोष नव्हे आणि वेडही नव्हे. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची हकीकत लिहून तिचे वर्णन केले. आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात मात्र तिचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत गेले. आज जो चाळिशीत आहे, तो शाळेत होता तेव्हा गावच्या मास्तरांच्या कानावर हा शब्द क्वचितच आला असेल.

मग आता या वयात तपासून काय मिळणार? आपल्याच खाडीकाठच्या शेताकडे पाहा. मातीत खार आहे हे कळले म्हणून माती बदलत नाही. पण कळल्यावर आपण तिथे पनवेल-१, पनवेल-२ यांसारखे खार सोसणारे वाण लावतो आणि भात घरात येतो. इथेही तसेच. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. परंतु कारण कळले की चिडवणे आणि भगताकडच्या फेऱ्या थांबतात. एका वेळी एकच काम, स्पष्ट शब्दांत सांगता येते. लग्नाचा विचार त्याच्या इच्छेने आणि मुलीला सारे सांगून करता येतो. सोबत उदासी, धास्ती, निद्रानाश असेल तर त्यावर उपचार आहेत.

ही तपासणी रक्त काढून होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ त्याच्याशी बोलतात, त्याचे वागणे पाहतात, घरच्यांना विचारतात. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केलेली ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण असतात. बेरीज ७० च्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही असे धरतात.

पण मोठ्या माणसाच्या बाबतीत सर्वांत मोलाचा दाखला आईच्या आठवणीत असतो. तो बोलू कधी लागला? हाक मारली की वळून बघत असे का? इतर पोरांत खेळत असे, की शिंपल्यांच्या रांगा लावत बसे? पंचविशीपर्यंत चारचौघांसारखा असलेला मुलगा एकाएकी गप्प झाला, त्याला भास होऊ लागले, तर तो आजार वेगळा; त्याला औषधे आहेत आणि तिथे उशीर करू नये. हा फरक डॉक्टरांना कोण सांगणार? बहुधा आईच. आणि आई आता सत्तरीला टेकलेली असते.

म्हणून याच आठवड्यात वही घ्या. आई, मावशी, थोरली बहीण सांगतील ते वयासकट लिहून काढा. शाळेचा दाखला, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या जोडा. कुठे जावे ते अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. त्याआधी १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर भरतात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर बऱ्याच योजनांची दारे उघडतात. ज्याला स्वतःचा कारभार झेपतच नाही, त्याच्यासाठी १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. ‘माझ्यामागे याचे कोण करील?’ हा प्रश्न ज्या मातेची झोप उडवतो, तिने हे ध्यानात ठेवावे.

एक मात्र विसरू नका. आधी त्यालाच सांगा, त्याचे म्हणणे ऐका. फसवून कोठे नेऊ नका. कुठे, किती वाजता, काय होणार, हे आदल्या दिवशी नीट समजावले तर तो आपणहून येईल.

लावणी उरकली की शेताला चार दिवस उसंत असते. ते दिवस त्याच्यासाठी ठेवा, आणि जाताना आईला बरोबर घ्या.