ग्रंथालयं मोजायची कशी?

देशातली ग्रंथालयं मोजायची तर आधी प्रकार ठरवावे लागतात. ढोबळ प्रकार चार: राष्ट्रीय (आपलं कोलकात्यात आहे), सार्वजनिक, शैक्षणिक आणि विशेष. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे पुन्हा अ, ब, क, ड असे वर्ग. ग्रंथसंख्या, नियतकालिकं वगैरे बघून. अनुदान त्या वर्गाप्रमाणे. म्हणजे ज्याची मोजणी नाही, त्याला पैसाही नाही!

आपली कॉलेज लायब्ररी शैक्षणिकमध्ये बसते. पण होस्टेलच्या रीडिंग रूममधलं कपाट? सीनियर्सनी मागे ठेवलेली पुस्तकं. ना कुलूप, ना रजिस्टर. कुठल्याच रकान्यात नाही. मी कॉन्व्हेंटवाला, पण पहिली मराठी कादंबरी पूर्ण वाचली ती त्याच कपाटातली. यंदा निदान एक रजिस्टर तरी घालूया का?