फुंकरीची मर्यादा आणि हॅन्डेलचा सोनाटा

जॉर्ज फ्रिडरिक हॅन्डेल याने लंडनमध्ये 1725-26 च्या सुमारास रेकॉर्डरसाठी जे मोजके सोनाटे रचले, त्यांपैकी एफ मेजरमधील सोनाटा हा बरोक संगीताची, म्हणजे स्थूलमानाने 1600 ते 1750 या काळातील युरोपीय संगीताची, घडण समजून घेण्यासाठी उत्तम नमुना आहे. रेकॉर्डर हे अलगुजाच्या कुळातले वाद्य असून त्याच्या मुखाशी बसवलेल्या ठोकळ्यामुळे हवेची वाट आधीच ठरलेली असते, त्यामुळे बासरीवादक ओठांची ठेवण बदलून स्वराला जे वळण देतो ते येथे साधत नाही. फुंकर वाढवली की स्वर मोठा होतो, पण तो चढतोही. ती कमी केली की उतरतो. आवाज लहानमोठा करून भाव उभा करण्याची वाट अशी जवळजवळ बंद असल्यामुळे रचनाकाराला जे सांगायचे ते स्वरांच्या मांडणीतच सांगावे लागते, आणि या संगीताचे खरे सामर्थ्य तेथेच आहे.

या सोनाट्याचे चार भाग असून मंद आणि द्रुत गती त्यांत आलटूनपालटून येतात. त्यांतील तिसरा भाग 'सिसिलियाना' हा सर्वांत छोटा असला तरी सर्वांत हृद्य आहे. त्यात तीन-तीन मात्रांचे चार गट मिळून बारा मात्रांचे आवर्तन होते आणि गटातील पहिला स्वर लांबवून दुसरा आखूड केल्यामुळे लयीला संथ हेलकावा मिळतो. सोनाट्याचा मुख्य आधारस्वर एफ असला तरी हा भाग डी मायनरमध्ये आहे; मूर्च्छनेच्या परिभाषेत सांगायचे तर एफला षड्ज मानल्यावर जो शुद्ध धैवत येतो, त्यालाच येथे नवा षड्ज केले आहे. मूळ सप्तकातले स्वर बहुतांशी तेच राहतात, परंतु नव्या षड्जाकडे परतताना शुद्ध निषाद घेतला जातो व त्यामुळे ओढ तीव्र होते.

ही ओढ एकट्या रेकॉर्डरची मात्र नव्हे. खाली चेलोसारखे वाद्य खर्जातील स्वरपंक्ती वाजवते आणि हार्पसिकॉर्डवादक त्या पंक्तीला जोडलेल्या अंकांवरून कोणते स्वर एकत्र वाजवायचे ते ओळखून जागच्या जागी साथ रचतो. या पद्धतीला बासो कंटिन्युओ म्हणतात. हॅन्डेलच्या हस्तलिखितात हे अंक इतके तपशीलवार आहेत की तो ज्या राजकन्येला संगीत शिकवत असे, तिच्या सरावासाठी ही प्रत केली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. वरचा स्वर धरून ठेवलेला असताना खालचा स्वर सरकतो, क्षणभर दोहोंत विसंवाद होतो आणि वरचा स्वर एक पायरी उतरला की तो मिटतो. अशा क्षणी जी कळ जाणवते ती जोराच्या फुंकरीनेही उमटली नसती.

वादकाकडे उरते ते जिभेचे काम. झाक ओतेतेर या फ्रेंच वादकाने 1707 च्या आपल्या पुस्तकात 'तू' आणि 'रू' या उच्चारांनी स्वर कसे तोडावेत व जोडावेत हे शिकवले आहे. याशिवाय मंद भागात वादकाने आपल्या समजुतीने अलंकरण करावे अशी अपेक्षा असे, त्यामुळे कागदावर उघडी वाटणारी स्वरपंक्ती प्रत्यक्षात तशी उघडी राहत नसे.

द्रुत भागांत एखादी लहान स्वराकृती पलट्यासारखी पायरीपायरीने हलवली जाते. मात्र पलट्याखाली तंबोरा स्थिर असतो, तर येथे खर्जही हलतो व प्रत्येक पायरीवर त्याच आकृतीचा रंग बदलतो.

हॅन्डेलने पुढे याच सोनाट्यावरून ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी एक कॉन्चेर्तो केला आणि तो 1738 मध्ये ओपस 4 या संग्रहात छापला गेला. त्यात भारदस्तपणा वाढला आहे, पण वरच्या आणि खालच्या पंक्तींतला संवाद मूळ सोनाट्यात अधिक स्पष्ट ऐकू येतो. म्हणून प्रथमच ऐकणाऱ्याने मूळ रचनेपासून सुरुवात करावी आणि दुसऱ्यांदा ऐकताना केवळ खर्जाच्या पंक्तीकडे लक्ष द्यावे.