आणीबाणीच्या प्रसंगी चिकित्सकाचा निर्णय : मांढरदेवी दुर्घटनेच्या संदर्भात

प्रस्तावना :
२५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेस, वाईजवळील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट आणि पाठोपाठ दुकानांना लागलेली आग यांमुळे २९० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. अशा वेळी जखमी असंख्य आणि उपचार करणारे हात मोजकेच असतात. त्या क्षणी चिकित्सकाचे ज्ञान कृतीत कसे उतरावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ताणाचा परिणाम :
तीव्र ताणात अ‍ॅड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद होते आणि लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. श्वासनलिकेत नळी घालण्यात गुंतलेल्या डॉक्टरला रक्तदाब ढासळल्याचे कळत नाही. हा ज्ञानाचा नव्हे, अवधानाचा दोष होय. म्हणून केवळ व्याख्यानांनी तो दूर होत नाही.

प्रशिक्षणाची सूत्रे :
स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी १९९० च्या सुमारास वैमानिकांच्या प्रशिक्षणपद्धती वैद्यकात आणल्या. पुतळ्यावर कृत्रिम प्रसंग उभा करावयाचा. नेता आधी ठरवावयाचा. सूचना नाव घेऊन द्यावयाची व ऐकणाऱ्याने ती पुन्हा उच्चारावयाची. शेवटी दोषारोप न करता चर्चा करावयाची. प्रसंगाची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढविल्यास ताण सोसण्याची सवय जडते.

सामूहिक दुर्घटनेत १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ ही वर्गीकरणपद्धती उपयोगी पडते. श्वसनाचा वेग मिनिटास ३० हून अधिक असणे, नख दाबून सोडल्यावर रक्त परतण्यास २ सेकंदांहून अधिक वेळ लागणे किंवा साधी आज्ञा न पाळणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास रुग्णास तातडीच्या गटात घेतात. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसल्यास पुढे जावे लागते. हा निर्णय मनाला पोळणारा असतो. पूर्वनिश्चित नियम त्याचे ओझे एकट्या व्यक्तीवर पडू देत नाही.

मात्र येथे एक पेच आहे. चेंगराचेंगरीत छाती दबून श्वास कोंडतो. एरवी निरोगी असलेला असा माणूस तत्काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीदाब मिळाल्यास कदाचित वाचू शकतो. पुरेसे हात असतील तर काय करावयाचे, हे सरावातच ठरलेले असावे.

समारोप :
भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकास स्वतंत्र पदव्युत्तर शाखेची मान्यता दिली; २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तथापि कोंडलेला श्वास घाट उतरेपर्यंत थांबत नाही. पहिली मिनिटे डोंगरावरील माणसांच्याच हाती असतात. म्हणून यात्रेपूर्वीच्या संयुक्त सरावात डॉक्टरांसमवेत पोलीस, दुकानदार आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी असावेत. यात महाविद्यालयांचा वाटा मोठा ठरू शकेल.