मंडळाचा अर्ज आणि महापालिकेचे लेखाशीर्ष

नागपूर महापालिकेच्या झोन कार्यालयांत वर्षभर एका वेगळ्याच जातीचे अर्ज येत असतात. त्यांत तुंबलेल्या गटाराची तक्रार नसते की कराच्या देयकाचा वाद नसतो. ज्येष्ठ नागरिक मंडळाला विरंगुळा केंद्रासाठी बाक हवे असतात, व्यायामशाळेला साहित्य हवे असते, वस्तीतल्या वाचनालयाला कपाटे हवी असतात, तर कबड्डी मंडळाला तीन रात्रींच्या स्पर्धेसाठी मैदानावर दिवे हवे असतात. मागणी एकदाचीच असते, रक्कम महापालिकेच्या मानाने किरकोळ असते आणि मागणारे बहुधा पूर्वी कधी या दारात आलेले नसतात.

अशा मागण्यांसाठी काही देशांतल्या नगरपालिका वर्षातून एकदा अर्ज मागवतात, गुण देतात आणि यादी जाहीर करतात. आपल्याकडे ही मागणी विखुरलेल्या वाटांनी जाते: कधी झोनकडून, कधी समाज विकास विभागाकडून, कधी क्रीडा विभागाकडून आणि बऱ्याचदा नगरसेवकाच्या पत्रातून. अर्जाचे पुढे काय होते हे समजून घ्यायचे तर आधी कायदा पाहावा लागतो.

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची आणि महापालिका १९५१ सालची. तिचा कारभार दीर्घकाळ ‘सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन अॅक्ट, १९४८’ या स्वतंत्र कायद्याने चालत होता. २०१२ पासून मुंबई वगळता राज्यातल्या इतर महापालिकांप्रमाणे नागपूरलाही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू झाला. या अधिनियमात महापालिकेची कामे दोन गटांत विभागली आहेत. कलम ६३ मधील कामे बंधनकारक आहेत: पाणी, मलनिस्सारण, रस्ते, दिवे, साफसफाई, प्राथमिक शिक्षण. कलम ६६ मधील कामे ऐच्छिक आहेत, आणि ती यादी वाचण्यासारखी आहे. झाडे लावणे, उद्याने व क्रीडांगणे करणे, सार्वजनिक ठिकाणी लोकांसाठी संगीताची सोय करणे, प्रदर्शने व खेळांचे सामने भरवणे, लोककल्याणासाठी उभारलेल्या सार्वजनिक निधीला वर्गणी देणे, असे बरेच काही त्यात आहे. शेवटी सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य, सोय किंवा शिक्षण यांना पोषक ठरेल असा कोणताही उपाय, अशी ऐसपैस तरतूदही आहे.

मंडळांचे बहुतेक अर्ज याच ऐच्छिक गटात बसतात. म्हणजे महापालिका देऊ शकते, पण दिलेच पाहिजे असे नाही. रस्त्यावरचा खड्डा न बुजवल्यास नागरिकाला कायद्याचा आधार घेऊन जाब विचारता येतो. वाचनालयाला कपाट दिले नाही तर तसा जाब विचारता येत नाही. एकवेळच्या मागणीचा दुबळेपणा इथून सुरू होतो.

समजा, मानेवाडा भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने मोकळ्या जागेत बाक आणि छोटी शेड मागितली. अर्ज झोन कार्यालयाच्या आवक शाखेत पडतो, त्याच्यावर शिक्का आणि क्रमांक येतो. नागपुरात असे दहा झोन आहेत, लक्ष्मीनगर आणि धरमपेठपासून आशीनगर आणि मंगळवारीपर्यंत, आणि प्रत्येकावर सहायक आयुक्त आहे. तिथून अर्ज कनिष्ठ अभियंत्याकडे जातो. तो जागा पाहून येतो, आणि त्याचा पहिला प्रश्न बाकांचा नसतो, जागेचा असतो: ही जागा कोणाची? नागपुरात हा प्रश्न साधा नाही. १९३६ साली स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘नासुप्र’ने, शहरातले कितीतरी लेआउट पाडले. नियमितीकरणासाठी नासुप्रकडे आलेल्या लेआउटचे ‘१९०० लेआउट’ आणि ‘५७२ लेआउट’ हे शब्द अनेक नागपूरकरांना पाठ असतात. मोकळी जागा महापालिकेकडे हस्तांतरित झालेली नसेल, तर महापालिकेचा पैसा तिथे लावता येत नाही आणि अर्ज ‘नासुप्रकडे मागणी करावी’ अशा शेऱ्यासह परत येऊ शकतो. मंडळाला वाटते आपल्याला टोलवले. खरे तर अभियंत्याने नेमके तेच विचारलेले असते जे पुढे लेखापरीक्षक विचारणार असतो.

जागेचा निकाल लागला की अंदाजपत्रक तयार होते, टिपणी लिहिली जाते आणि नस्ती वर सरकू लागते. आता दुसरा प्रश्न येतो, आणि बहुतेक अर्ज इथेच अडतात: लेखाशीर्ष कोणते? महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात प्रत्येक रुपयाला आधीच एक शीर्ष दिलेले असते. उद्यान दुरुस्तीच्या शीर्षातून शिलाई यंत्रे घेता येत नाहीत आणि शाळेच्या शीर्षातून व्यायामशाळेचे साहित्य येत नाही. तिजोरीत पैसा असूनही योग्य शीर्षाखाली तरतूद नसेल तर मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याच्या टेबलावरून नस्ती ‘तरतूद उपलब्ध नाही’ एवढ्या तीन शब्दांनिशी खाली येते. मागणी चांगली की वाईट, हा विचार तिथवर पोहोचतच नाही.

म्हणूनच अनुभवी अर्जदार मागणी शीर्षाच्या भाषेत मांडतो. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी अंदाजपत्रकाचा ठरावीक वाटा राखून ठेवण्याचे बंधन राज्यातल्या स्थानिक संस्थांवर आहे. दिव्यांगांचा वाटा पूर्वी तीन टक्के होता, तो पाच टक्के झाला. या निधीला शीर्ष असते, विभाग असतो, योजना असते. महिला बचत गटाची मागणी तिथे बसू शकते. भजनी मंडळाची पेटी मात्र कुठेच बसत नाही, आणि त्यात धार्मिक बाब असेल तर अडचण आणखी वाढते. करातून आलेला पैसा एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी वापरण्याचा विषय थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २७ ला जाऊन भिडतो.

रोख रक्कम संस्थेच्या खात्यात टाकणे महापालिकेला मुळातच नकोसे असते. ती शक्यतो वस्तू, काम, जागा किंवा सवलत देते. बाक ती स्वतः निविदा काढून बसवते, मैदान काही दिवसांसाठी देते, सभागृहाच्या भाड्यात सूट मागितली तर तिचा विचार करते. केवळ सार्वजनिक पूजा किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींना सर्वसाधारण करातून सूट देण्याची तरतूद अधिनियमातच आहे. ही सूट म्हणजे दरवर्षी मिळणारे मूक अनुदानच, पण त्याला कोणी अनुदान म्हणत नाही.

सेवेच्या रूपाने मदत देण्याचे सर्वांत मोठे उदाहरण दीक्षाभूमीचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी नगरसंस्थेने त्यांना मानपत्र दिले. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लाखो अनुयायी येतात. त्या दिवसांत पिण्याचे पाणी, तात्पुरती स्वच्छतागृहे, दिवे, सफाई आणि आरोग्य पथके यांची सोय महापालिका करते. खर्च मोठा असतो, पण तो कोणत्याही संस्थेच्या हाती पडत नाही. महापालिकेच्याच विभागांतून होतो. गणेशोत्सवातही तसेच. मंडळाला वर्गणी महापालिका देत नाही. ती लोकांकडून जमवायची, आणि त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची. महापालिका मंडपाची परवानगी देते, कृत्रिम हौद उभारते, निर्माल्य उचलते.

आता नगरसेवकाच्या पत्राकडे. नगरसेवकांचे सभागृह अस्तित्वात असते तेव्हा एकवेळच्या मागणीचा राजरस्ता हाच. नगरसेवकाला प्रभागातल्या कामांसाठी निधी सुचवता येतो. त्याच्या लेटरहेडवरची शिफारस नस्तीला जोडली की लेखाशीर्षाचा प्रश्न बऱ्याचदा सुटतो, कारण प्रभाग निधी हेच शीर्ष ठरते. मोठी रक्कम असेल तर विषय सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे जातो, धोरणाचा प्रश्न असेल तर आमसभेपुढे. विषयपत्रिकेवर विषय येतो, सूचक आणि अनुमोदक मिळतात, ठराव होतो. ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून शेवटच्या क्षणी आलेले प्रस्ताव वाचून पाहायला सदस्यांना वेळ नसतो, आणि वाद उद्भवतात ते अशाच प्रस्तावांतून. ठराव कायद्याविरुद्ध किंवा महापालिकेच्या हिताविरुद्ध असेल तर राज्य सरकार कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित करू शकते.

शिफारशीची ही पद्धत लोकाभिमुख आहे, कारण नगरसेवकाला वस्ती ठाऊक असते. पण तिच्यात निकष नसतात. ज्या मंडळाची नगरसेवकाशी ओळख त्याला बाक, शेजारच्याला आश्वासन. आणि वस्तुवाटपात गैरव्यवहाराला फार वाव असतो, याचा धडा नागपूरला मिळालेला आहे. २००० च्या सुमारास महापालिकेतला क्रीडा साहित्य घोटाळा राज्यभर गाजला. साहित्याच्या खरेदी-वाटपात गैरव्यवहार झाल्याचे आरोप झाले, नंदलाल समितीने चौकशी केली, नगरसेवक आणि अधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, खटले वर्षानुवर्षे चालले. आज एखाद्या व्यायामशाळेच्या डंबेल्ससाठी चार-चार स्वाक्षऱ्या का लागतात, असे वैतागून विचारणाऱ्याने हे प्रकरण आठवावे.

संस्थेच्या आवारात महापालिकेने काम करावे की नाही, हा वादही नागपुरात न्यायालयापर्यंत गेला. २०१७ साली रेशीमबागेतील डॉ. हेडगेवार स्मारक समितीच्या परिसरात संरक्षक भिंत आणि अंतर्गत रस्त्यांसाठी सुमारे १ कोटी ३७ लाख रुपयांच्या खर्चाला स्थायी समितीने मंजुरी दिली. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. करदात्यांचा पैसा खासगी संस्थेच्या आवारात खर्च करता येतो का, हा तिचा गाभा होता. नावे बाजूला ठेवली तरी हा प्रश्न प्रत्येक मंडळाच्या अर्जात लपलेला असतोच: दिलेली वस्तू सर्वांना वापरता येईल की फक्त सभासदांना? कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे? समाजभवने आणि वाचनालये संस्थांना चालवायला दिली जातात तिथेही भांडणे यावरूनच होतात.

४ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत स्थायी समितीही तेच आणि आमसभाही तेच. या काळात शिफारसपत्राचे वजन आमदार-खासदारांकडे सरकले. त्यांचा स्थानिक विकास निधी वेगळा: खासदाराला वर्षाला पाच कोटी, आणि धार्मिक स्थळांवर त्यातून खर्च करता येत नाही. त्यातही पैसा मंडळाला मिळत नाही. जिल्हा प्रशासन काम मंजूर करते आणि ते अनेकदा महापालिकेच्याच अभियंत्यांकडे येते. बाकावरचे नाव बदलते, बसवणारे हात तेच राहतात.

आपत्तीची मदत हा आणखी निराळा रस्ता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी घरांत शिरले. लोकांनी आधी झोन कार्यालय गाठले. नुकसानग्रस्त कुटुंबांना जाहीर झालेले १० हजार रुपये मात्र राज्य सरकारचे होते. महापालिकेच्या वाट्याला गाळ काढणे आणि रस्ते मोकळे करणे आले.

या सगळ्या पद्धतीत सर्वांत मोठी उणीव पारदर्शकतेची आहे. कोणत्या संस्थेने काय मागितले, कोणाला मिळाले, कोणाला का नाकारले, याची एकत्रित यादी नागरिकाला सहज हाती लागत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी प्रभागातली छोटी कामे सुचवण्याची पद्धत आहे. ठरावीक मुदतीत अर्ज घेतले जातात आणि निवडलेली कामे अंदाजपत्रकात छापली जातात. तिच्यातही त्रुटी आहेत, पण मागणी आणि तरतूद यांची गाठ तिथे वर्ष सुरू होण्याआधी पडते. नागपूरला हे जमणार नाही असे काही नाही.

तोवर मंडळांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, मागील लेखापरीक्षण अहवाल, सभेचा ठराव आणि जागेची कागदपत्रे अर्जासोबत असली तर नस्ती त्रुटीसाठी परत येत नाही. वस्तू मिळाल्यावर तिची नोंद साठा वहीत करून ठेवावी, कारण लेखापरीक्षक दोन वर्षांनीही विचारू शकतो. अर्जाची पोच घ्यावी. माहितीच्या अधिकारात नस्तीचा ठावठिकाणा विचारताना तोच आवक क्रमांक लागतो. आणि अर्ज दिवाळीच्या आसपास द्यावा. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी विभागांच्या मागण्या त्यानंतर जमू लागतात. फेब्रुवारीत आलेल्या अर्जाला चालू वर्षाच्या शीर्षात उरलेसुरले शोधावे लागते, आणि ३१ मार्चला खर्च न झालेली तरतूद व्यपगत होते.