गाठ का काढली नाही? : पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनचे स्थान



घरातल्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला आहे आणि तो शरीरात इतरत्र पोहोचला आहे, असे कळले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, गाठ काढून का टाकत नाही?" डॉक्टर सांगतात, आधी औषधे सुरू करू. मग व्हरांड्यात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतो, डॉक्टरांनी हात टेकले. कोणी म्हणतो, शेत गहाण टाकू, पण मोठ्या गावी नेऊन ऑपरेशन करून आणू. माया खरी असते, पण निर्णय चुकू शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

'पुढे गेलेला' म्हणजे किती पुढे?

या शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत. गाठ मोठी झाली, कातडीला किंवा छातीच्या स्नायूला चिकटली, काखेत गाठी आल्या, पण आजार तेवढ्याच भागात आहे, तर तो साधारण तिसरा टप्पा. इथे आजार पूर्ण बरा करण्याचा प्रयत्न असतो आणि त्यात ऑपरेशन हवेच. बहुतेक वेळा आधी केमो देऊन गाठ लहान करतात, मग ऑपरेशन आणि त्यानंतर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. केमोने गाठ विरघळल्यासारखी वाटली, तरी ऑपरेशन टाळू नये.

आजार हाडे, फुप्फुस, यकृत किंवा मेंदू इथे गेला, तर तो चौथा टप्पा. आपल्याला लोंढा जंक्शनवरून हे सहज कळेल. गाड्या कॅसलरॉककडे, अळणावरकडे आणि बेळगावकडे निघून गेल्यावर फलाटाचे फाटक बंद करून त्या थांबत नाहीत. कॅन्सरच्या पेशी रक्तातून पुढे गेल्या असतील, तर सगळ्या शरीरात पोहोचणारे औषधच मुख्य उपचार ठरते.

हे मुंबईतच तपासून पाहिले गेले

पूर्वी जगभरच्या रुग्णालयांच्या नोंदींत असे दिसे, की चौथ्या टप्प्यातही ज्यांची गाठ काढली त्या बायका जास्त जगल्या. पण यात एक मेख होती. ऑपरेशनसाठी बहुधा वयाने लहान, तब्येतीने धडधाकट आणि आजार कमी पसरलेल्या बायकाच निवडल्या जात. त्या जास्त जगल्या त्या ऑपरेशनमुळे की मुळातच बऱ्या होत्या म्हणून, हे नोंदींवरून सांगता येत नव्हते.

याचा निकाल लावण्यासाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २००५ ते २०१३ या काळात, केमोला प्रतिसाद दिलेल्या चौथ्या टप्प्यातल्या ३५० बायका त्यात घेतल्या. कोणाचे ऑपरेशन करायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. १७३ जणींना स्तनाचे ऑपरेशन आणि रेडिएशन दिले, १७७ जणींना दिले नाही. दोन वर्षांनी पहिल्या गटात सुमारे ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ४३ टक्के बायका हयात होत्या. म्हणजे ऑपरेशनने आयुष्य वाढले नाही. छातीवरचा आजार मात्र ऑपरेशन झालेल्यांत जास्त काळ आटोक्यात राहिला. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अमेरिकेतल्या अशाच अभ्यासाने २०२० मध्ये तेच सांगितले. तीन वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे ६८ टक्के बायका हयात होत्या. तुर्कस्तानातल्या अभ्यासात पाच वर्षांनी ऑपरेशनच्या बाजूने फरक दिसला, पण तिथे ऑपरेशनच्या गटात सौम्य प्रकारच्या आजाराच्या बायका जास्त होत्या.

हे आकडे गटाचे आहेत, कोणा एकीचे भविष्य नव्हे. टाटातल्या अभ्यासाच्या वेळी हर-टू प्रकारच्या आजारावरचे महागडे इंजेक्शन बहुतेकींना मिळाले नव्हते. आज औषधे वाढली आहेत आणि चौथ्या टप्प्यातही अनेक बायका कित्येक वर्षे घरसंसार सांभाळत जगतात.

मग चौथ्या टप्प्यात ऑपरेशन कधी?

गाठ फुटून जखम झाली, रक्त येते, दुर्गंधी येते, औषधाने आटोक्यात येत नाही, तेव्हा ऑपरेशन करतात. त्यामुळे बाईला चारचौघांत बसता येते, ही लहान गोष्ट नाही. आजाराने पोकळ झालेले मांडीचे हाड मोडले किंवा मोडण्याच्या बेतात असले तर सळई घालतात. मणक्यावर दाब येऊन पाय लुळे पडू लागले, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे. आजार एक-दोन ठिकाणीच असेल, तर निरनिराळ्या तज्ज्ञांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा.

आणि हो, सुई लावली किंवा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती सोडून द्या. तुकड्याच्या तपासणीवरच ठरते, की गोळ्या हार्मोनच्या लागतील, हर-टूचे इंजेक्शन लागेल की केमो.

डॉक्टरांना काय विचारावे?

- आजार कितव्या टप्प्यात आहे? तिसऱ्या की चौथ्या?
- हार्मोन आणि हर-टूचा रिपोर्ट काय आला?
- ऑपरेशन आयुष्य वाढवण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी?
- ऑपरेशनमुळे औषधे किती दिवस थांबतील?
- सरकारी योजनेत काय बसते?

शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या. बेळगाव, हुबळीचे नवनगर, गोव्याचे बांबोळी आणि मुंबईचे परळ, सगळीकडे आपल्याकडून रेल्वेने किंवा बसने जाता येते. जाताना सगळे जुने रिपोर्ट आणि तुकड्याचे ब्लॉक बरोबर न्या. दुखणे असेल तर सोसत बसू नका, त्यावर वेगळे उपचार असतात.

शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट

टाटा रुग्णालयानेच मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षे आणखी एक अभ्यास केला. त्यात एका गटातल्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. त्या गटातल्या पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नव्हते, फक्त शिकवलेले हात होते.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून बायका सांगत नाहीत. सुगी होऊ दे, लग्न उरकू दे, असे म्हणता म्हणता महिने जातात. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडातून रक्त आले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. ऑपरेशनचा खरा उपयोग आजार लवकर सापडला तर होतो. पुढच्या हळदीकुंकवाला हा विषय लाजेविना काढा. आणि पुरुष मंडळींनी घरी आजच विचारावे.